स्वच्छ जखम

३ मार्च

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद, आणि एक रागाचा वेगळा, कारण तुझं पत्र महिनाभर नाही. फोन करते म्हणतेस, पण माझे कान आता फोनच्या कामाचे राहिलेले नाहीत. परवा तू काही विचारलंस आणि मी दुधाचा भाव सांगितला, त्यावर तुझी धाकटी बहीण अजून हसते आहे. तेव्हा बाईसाहेबांनी कागदाला कागदच पाठवावा.

सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण तुझी भाची पुन्हा तापली आहे. तिला आता सगळेच लिंबू म्हणतात, कारण औषधाचा चमचा दिसला की तोंड तस्संच करते. या वेळी मांडीवर गळू झालं आहे. त्याआधी कान झाला, त्याआधी बोट, आणि थंडीत छाती भरली होती ते तुला कळवलंच होतं. धाकटीच्या डोळ्याला डोळा नाही. मशीनजवळ शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय आणि काल तिने एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. जावई छापखान्यातून आले की हाताची शाई घासून काढतात आणि पोरीला खांद्यावर घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहतात.

जखमेचं मात्र माझ्यावर सोडा म्हणून मी सांगून टाकलंय. माझी सगळी नोकरी ड्रेसिंगच्या खोलीत गेली. पाणी उकळून घेते, हात कोपरापर्यंत धुते, गॉज काढला की खिडकीशी उजेडात धरते, वास घेते आणि मगच टाकते. आमच्या मोठ्या सिस्टरांनी लावलेली सवय आहे, ती मेल्यावरच जाईल. आणि सांगते तुला, दर वेळी गॉज कोरा. लाल होतं, सुजतं, दगडासारखं कडक होतं, फुटतं, पण पूचा थेंब नाही. धाकटी मोठ्या इस्पितळात न्यायचं म्हणत होती. मी म्हटलं, इतकी स्वच्छ जखम त्यांनी तरी कुठे पाहिली असेल? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे, उगाच पोरीला सुया कशाला टोचायच्या.

अजून बसत नाही ती. दहावा महिना संपत आला. पण तूही उशिराच बसली होतीस, आणि एकदा बसलीस ती आता त्या दुर्बिणीसमोरून उठायला तयार नाहीस.

जेवत जा. मायेत काटकसर नसावी.

तुझी,
आई

१० मार्च

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र जिन्यातच उघडलं, आणि वर येऊन टेबलाशी बसून पुन्हा वाचलं. आता जे लिहिते आहे ते वाचून तू रागावशील. रागाव, पण शेवटपर्यंत वाच आणि धाकटीलाही वाचून दाखव.

जखमेला पू नाही हे मला चांगलं लक्षण वाटत नाही. तुझे हात बघून जंतू पळून जातात असं मानायला मला फार आवडलं असतं, कारण लहानपणी आम्ही दोघी तशाच पळत होतो. पण पू म्हणजे काय हे तूच मला शिकवलंस. जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. जिथे लाली आहे, सूज आहे, ताप आहे, तिथे त्या पेशी यायलाच हव्यात. एकदा आल्या नाहीत तर समजू शकते. दर वेळी येत नाहीत, याचा अर्थ त्यांना येता येत नाही असाही असू शकतो.

तू नेहमी विचारतेस की मी दिवसभर त्या सूक्ष्मदर्शकात, तुझ्या भाषेत दुर्बिणीत, बघते तरी काय. हेच बघते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रवाहाबरोबर वेगाने वाहत असतात. शरीरात कुठे जंतू शिरले की तिथल्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर काही प्रथिनं वर येतात. त्या जातीच्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. त्यांचं काम एकच, साखर ओळखायची आणि धरायची. आपल्या पेशींच्या अंगावर बारीक साखरेच्या फांद्या असतात, चहातल्या साखरेहून वेगळ्या. भिंतीवरचं लेक्टिन वाहत्या पेशीची ती फांदी धरतं, सोडतं, पुन्हा धरतं. गवतातून चालताना कुसळं कापडाला धरतात ना, तसं. पेशीचा वेग कमी होतो, ती भिंतीवरून गडगडत जाते, थांबते आणि मग भिंतीतून बाहेर पडून जखमेकडे जाते. हे धरणंच झालं नाही तर पुढचं काहीच होत नाही.

लिंबूला हेच झालंय असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही आणि इतक्या दूर बसून काही ठरवणारही नाही. पण तिला मोठ्या इस्पितळात न्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायला सांगा, आणि तिथे स्पष्ट सांगा की इतक्यांदा संसर्ग झाला, पण पू एकदाही नाही. आजच न्या.

मनाला लावून घेऊ नकोस. थंडीतल्या पत्रातही तू बोटाला पू नाही असं लिहिलं होतंस. ते वाचून मी खूश झाले होते आणि जेवायला गेले होते. ज्या बाईचा दिवस याच कामात जातो तिला कळलं नाही, तर तुला कुठून कळणार.

तुझी,
ताई

२९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. फोनवर मी नुसती रडले आणि तुला अर्धंच कळलं, म्हणून लिहिते. इस्पितळाच्या खाटेच्या कडेवर बसून लिहिते आहे, अक्षर समजून घे.

तुझं पत्र आईने वाचलं, माझ्या हातात दिलं आणि भांडी घासायला बसली. आम्ही त्याच दुपारी लिंबूला इथे आणलं. तिच्या रक्तात पांढऱ्या पेशी इतक्या जास्त निघाल्या की डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजायला लावल्या. पुन्हा तेच. मग त्या म्हणाल्या की रक्ताचा कर्करोग तर नाही ना हे आधी बघावं लागेल. ताई, ते ऐकून यांनी मला धरलं आणि मग हेच खाली बसले.

हाडातला मगज तपासला. लिंबू रडून रडून निळी पडली. त्यात कर्करोग नाही म्हणाले. जीव भांड्यात पडतोय तोवर रक्तपेढीतून निरोप आला की हिला रक्त द्यायची वेळ आली तर देता येणार नाही, जी पिशवी हिच्या रक्ताशी जुळवून बघतात ती बिघडते. तिथल्या माणसाने सांगितलं की ते कुठल्याशा झुडपाच्या बियांचा अर्क वापरून एक तपासणी करतात, त्यात जवळजवळ प्रत्येकाचं रक्त गोळा होतं. हिचं झालं नाही. हा म्हणे लाखातला एखादा गट. डॉक्टरीणबाईंनी तो कागद पांढऱ्या पेशींच्या कागदाशेजारी ठेवला. मग मला विचारलं की जखमेला पू खरंच कधी आला नाही का. मी त्यांना तुझं सांगितलं, तू कुठे असतेस आणि काय करतेस ते. त्यांना तुमची प्रयोगशाळा नावाने माहीत होती. नमुना तुझ्याकडेच येतो आहे.

आता एक गोष्ट लिहिते आणि तू मध्ये पडू नकोस. आईशी मी बोलत नाही. गळू दिसल्या दिवसापासून मी तिला इथे आणायचं म्हणत होते. स्वच्छ आहे, स्वच्छ आहे, हेच ऐकत राहिले. घरी गेल्यावर ड्रेसिंग मी करणार. तिने हात लावायचा नाही असं मी तिला सांगितलं आहे, आणि कान चांगले नसले तरी तिला ते नीट ऐकू गेलं.

लवकर बघ आणि जे असेल ते लपवू नकोस.

धाकटी

१६ एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आमचा अहवाल डॉक्टरीणबाईंना गेला आहे आणि तुम्हाला सांगते असं त्यांच्याशी बोलून घेतलं आहे. तू म्हणालीस तसं काही लपवत नाही.

केसाएवढ्या अरुंद काचेच्या वाटेच्या तळाला आम्ही ते भिंतीवरचं लेक्टिन लावतो आणि वरून रक्तातल्या पेशी सोडतो. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागतं. मी माझंच काढलं. माझ्या पेशी आल्या, अडखळल्या, गडगडल्या, थांबल्या. मग त्याच वाटेतून लिंबूच्या सोडल्या. त्या सरळ वाहून गेल्या. एकही थांबली नाही. पुन्हा केलं, दुसरी काच घेऊन केलं, माझ्या सहकाऱ्याला काही न सांगता करायला लावलं. तेच. मला त्या वेळी स्वतःच्या रक्ताचा राग आला, हे वेड्यासारखं आहे, पण आला.

आपल्या पेशींवरच्या फांदीचं टोक एका साखरेचं असतं, तिचं नाव फ्युकोज. तिच्या पेशींवर ते टोकच नाही. शरीर ती साखर बनवतं, पण पेशीच्या ज्या खोलीत ती फांदीला जोडतात तिथे ती पोचवणारं दार बिघडलेलं आहे. पांढऱ्या पेशींवर टोक नाही, म्हणून भिंतीला धरता येत नाही. तांबड्या पेशींवर नाही, म्हणून रक्तगट जुळत नाही. तो बियांचा अर्कही लेक्टिनच, तोही हेच टोक शोधत होता. जखम हाका मारते, हाडं आणखी पेशी पाठवतात, त्या रक्तातच फिरत राहतात. म्हणून आकडा एवढा मोठा आणि गॉज कोरा. हा बिघाड जन्मजात आहे, तुझ्याकडून अर्धं आणि भावोजींकडून अर्धं आलं आहे, दोघांपैकी कोणीही काही चुकीचं केलेलं नाही. त्यांनाही हे सांग, ते विचारणार नाहीत.

आता औषध. काही मुलांना तीच साखर पाण्यातून पाजली तर उपयोग झालेला आहे. दार थोडं किलकिलं असेल तर भरपूर साखर लोटल्यावर काही आत जाते. काहींना अजिबात उपयोग झाला नाही. आणि यात धोका आहे. टोक नसलेल्या तांबड्या पेशींचीच तिच्या रक्ताला सवय आहे. उद्या टोक उगवलं तर तिचंच रक्त त्यांना परकं समजून फोडायला लागेल. म्हणून अगदी थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवतील. लघवी लालसर दिसली, डोळे पिवळे दिसले, तर लगेच न्यायचं. बसणं, बोलणं यात किती सुधारेल ते मला माहीत नाही, धाकटे. डॉक्टरीणबाईंनाही नाही. साखरेने ते आपोआप होईल असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस.

मध्ये पडू नकोस म्हणालीस. बरं. फक्त एवढं लिहिते की पू नाही हे दर पत्रात कोणी लिहिलं असतं? आपल्याकडे एकच माणूस गॉज उजेडाला धरून बघतं. तिने उलटा अर्थ लावला, पण बघितलं तिनेच.

भावोजींना नमस्कार, लिंबूच्या दोन्ही तळव्यांना पापा.

तुझी,
ताई

४ मे

चि. ताईस,

आशीर्वाद. साखर सुरू झाली. पांढरी पूड, पाण्यात विरघळवून चमच्याने द्यायची, दिवसातून बऱ्याचदा. मला वाटलं गोड म्हणून तरी घेईल, तर तिने तेच लिंबाचं तोंड केलं. तेवढं एकदा हसलो आम्ही घरात.

बाकी मी स्वयंपाकघरात असते. मांडी अजून भरलेली नाही, आणि ड्रेसिंगच्या वेळी धाकटी दार लोटून घेते. आतून पोरीचं रडणं मला ऐकू येत नाही, पण दाराला हात लावला की कळतं. ती पट्टी फार घट्ट बांधते. शिवणाऱ्या बाईचा हात, टाका ओढल्यासारखा ओढते. मी सांगायला गेले असते पण कुठल्या तोंडाने सांगू.

मला आमच्या मोठ्या सिस्टर आठवतात. पू म्हणजे तुमची हार, असं त्या आम्हाला रोज म्हणायच्या. पू दिसला की आम्ही लाजून खाली बघायचो, जणू आम्हीच तो आणला. इतकी वर्षं मी त्याच्याशी भांडले, आणि माझ्याच नातीच्या मांडीवर तो आला नाही म्हणून मिरवत राहिले. तू मनाला लावून घेऊ नकोस लिहिलंस. लागलंय, त्याला काय करू. पोरीचे किती दिवस माझ्यापायी गेले हा हिशोब माझा मी करत बसते.

एक विचारते, खरं उत्तर दे. आता साखर चालू आहे आणि परत काही झालं, आणि परत गॉज कोराच निघाला, तर काय समजायचं? धाकटीला विचारायची सोय नाही. जावयांना विचारलं तर ते बिचारे माझीच समजूत घालतात.

पत्राला उशीर करू नकोस. तुझ्या पत्राशिवाय आता माझ्याशी कोणी धड बोलत नाही.

आई

२ जून

प्रिय ताई,

नमस्कार. साखर चार वेळा वाढवली. दर वेळी मी दुपट्याचे रंग बघते, डोळ्यांच्या कडा बघते, यांना दाखवते, शेजारणीला दाखवते. अजून तरी रक्त फुटलेलं नाही. पांढऱ्या पेशींचा आकडा थोडा उतरला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आकड्यावर नाचू नका, खरी परीक्षा पुढच्या संसर्गाला.

ती परीक्षा आली बघ. काल कानामागे सुजलं आहे. रात्री अंग भाजत होतं. इस्पितळात दाखवून आणलं, सुई दिली, आणि परवा गळू नीट धरलं तर बारीक चीर देऊ म्हणाले. मला भीती एकाच गोष्टीची आहे. गॉज कोरा निघाला तर याचा अर्थ साखर लागू पडली नाही. मग पुढे काय हे कोणीच सांगत नाही.

आई दाराबाहेर उभी असते. मला दिसतं ते. पण गप्प राहायची सवय लागली की तोंड उघडतच नाही. पूर्वी कंटाळा यायचा तिच्या सूचनांचा. आता पट्टी बांधताना मनात तिचाच आवाज येतो, सैल कर, बोट जाईल एवढी जागा ठेव.

तू इथे असतीस तर.

धाकटी

६ जून

चि. ताईस,

अनेक, अनेक आशीर्वाद.

परवा इस्पितळात कानामागे चीर दिली, तेव्हा नुसतं रक्तच आलं, आणि पट्टी बांधून घरी पाठवलं. आज सकाळी ड्रेसिंग होतं. धाकटीने नेहमीसारखं दार लोटलं. मी बाहेर तांदूळ निवडत होते, म्हणजे एकच मूठ इकडून तिकडे करत होते. तेवढ्यात दार उघडलं. धाकटी उभी होती, चेहरा पांढराफटक, हातात चिमट्यात धरलेला गॉज. तिने मला दंडाला धरून आत नेलं, खिडकीशी नेलं आणि तो गॉज उजेडात धरला. मी धरते तसाच. माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं की आई, हे काय आहे.

ताई, मी चष्मा लावला, वास घेतला, खात्री करायला जखमेच्या कडेला हलकेच दाबलं. पिवळा, दाट, चांगला चमचाभर. मी तिला सांगितलं की हा पू आहे. ती म्हणाली नक्की का. मी म्हटलं, बाई गं, दुसरं काही मला ओळखता येवो न येवो, हा मी डोळे मिटून ओळखेन.

मग ती माझ्या गळ्यात पडून जी रडली ती रडलीच. लिंबू आमच्याकडे बघून आणखी जोरात रडली. जावई दाढी अर्धवट टाकून धावत आले, त्यांना वाटलं आता संपलं. धाकटीने त्यांनाही गॉज दाखवला. छापखान्यातला माणूस, त्यांना त्यातलं काय कळणार, पण तेही त्या घाणीकडे असे बघत राहिले की मला हसू आलं. इतक्या वर्षांत पू बघून आनंदाने रडणारं घर मी पहिल्यांदाच बघितलं, आणि त्यात मीही होते. मोठ्या सिस्टर असत्या तर मला कामावरून काढलं असतं.

डॉक्टरीणबाईंना कळवलं. तिकडेही कोणीतरी ओरडलं म्हणे, धाकटीला फोनवर ऐकू आलं. तू त्या काचेत पुन्हा बघशील तेव्हा सविस्तर लिही, किती थांबल्या, किती गडगडल्या. समजलं नाही तरी वाचेन.

लिंबू अजून बसत नाही. मी पाठीशी उशी लावते आणि ती बाजूला कलंडते. तू जे लिहिलं होतंस ते आम्ही विसरलेलो नाही, त्याचं दुःख ज्याचं त्याच्याजवळ आहे. पण ताप आज उतरला आहे.

धुऊन, पुसून, औषध लावून मी धाकटीपुढे पट्टी धरली. तिने घेतली नाही. पोरीचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली आणि मला म्हणाली, तू बांध. मी बोट जाईल एवढी जागा ठेवून बांधली.

तुझ्यावर जीव आहेच, तूही इकडे लावलेला असू दे.

तुझी,
आई